ढेपेच्या पोत्याचं दप्तर

"काढून टाक तो व्हिडिओ."

"कावून काढू? कोणाले शिव्या देल्या का म्या त्याच्यात?"

"माय, मी एकदा सांगतलं तुले."

"अन् म्या बी एकदाच सांगतलं. नाई काढत."

"तुले काढता तरी येते का?"

"नाई येत. म्हनूनच तं नाई काढत."

मार्च संपत आलेला, रविवारची सकाळ. अमरावतीच्या उन्हात गच्चीवरची टाकी आत्तापासूनच तापायला लागली होती. मैनाबाई तायडे स्वयंपाकघरात फरशीवर पाय पसरून दोडक्याच्या शिरा काढत होत्या. दोडका एका ताटलीत, शिरा दुसऱ्या ताटलीत. दोडक्याची भाजी होणार होती आणि शिरांची तीळ-लसूण घालून चटणी. त्यांचा मुलगा प्रीतम चौकटीला हात लावून उभा होता. आत येत नव्हता, बाहेरही जात नव्हता. दोघांच्या मधे, ओट्याशी, सून प्रियदर्शनी चहाला उकळी यायची वाट बघत होती. व्हिडिओ तिनंच शूट केला होता, तिच्याच फोनवर. म्हणजे भांडण खरं तर तिच्याशी व्हायला हवं होतं. पण प्रीतमला बायकोशी भांडायचं असलं की तो आईशी भांडतो, हे या घरात सगळ्यांना, मैनाबाईंच्या शाळकरी नातीलाही, माहीत आहे.

"माह्या वर्गातल्या पोट्ट्याईनं पाह्यला तो," प्रीतम म्हणाला.

"मंग तं चांगलंच हाय. आपल्या मायांले दाखवतीन."

"माय!"

"वरडू नोको. खालच्याईले वाटीन कूलरची मोटर जळली."

मैनाबाईंचा संसार झाला अकोटला. नवरा पंजाबराव कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मैनाबाई स्वतः गावाबाहेरच्या एका तेलाच्या मिलमध्ये रोजानं जायच्या. सरकीचं तेल काढून झालं की मागे जी उरते ती ढेप. ती गुरांना घालतात. ढेप पोत्यात भरायची आणि दाभणानं पोत्याचं तोंड शिवायचं, हे त्यांचं काम. दिवसभर पोती शिवून आलेली बाई संध्याकाळी हातात सुई धरणार नाही असं कोणालाही वाटेल. मैनाबाई धरायच्या. शेजारच्या सीमाबाई म्हणायच्या, "मैने, आता तरी बस वो जराशीक." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं: "बसलेलीच तं हाय. तू म्हन, हात कावून हालून राह्यला."

फाटलं म्हणून फेकायचं नाही, हा त्यांचा कायदा. "फाटलं म्हनून फेकाले लागलं तं अर्धे मानसं बी फेकाव लागतीन," असं त्या म्हणतात, आणि म्हणताना समोर कोण बसलंय हे बघत नाहीत.

प्रियदर्शनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं दुधाची पिशवी रिकामी करून केराच्या डब्यात टाकली. सासूनं ती उचलली, कात्रीनं पूर्ण उघडली, घोटभर पाण्यानं विसळली आणि ते पाणी कणकेत ओतलं. बोलल्या काहीच नाहीत. त्या न बोलण्याचा प्रियदर्शनीला इतका राग आला, की तिनं अकोल्याला बहिणीला, वर्षालीला, फोन करून सांगितलं, "इथं कचऱ्याचीही चौकशी होते." पुढे तीच पिशवी विसळायला लागली. मग अंगाच्या साबणाचे उरलेले तुकडे कांद्याच्या जाळीदार पिशवीत साठवून भांडी घासायला घ्यायला लागली. कूलरच्या टाकीत तळाशी राहिलेलं खारट पाणी फरशीला चालतं, कुंडीला नाही, हे एक मोगरा वाळवून शिकली.

व्हिडिओची सुरुवात मागच्या उन्हाळ्यात एका चादरीवरून झाली. डबल बेडची जुनी चादर मधोमध विरली होती. प्रियदर्शनी म्हणाली, "आई, आता हिचं फडकंच करा." मैनाबाईंनी चादर उजेडासमोर धरली. "मधातून गेली. काठ पाह्य कसे कोरे हायेत. काठावर झोपते का कोनी?" त्यांनी विरल्या जागेवरून चादर उभी फाडली, दोन्ही बाजूंचे कोरे काठ आत आणून मधे जोडले, विरलेल्या कडा बाहेर गेल्या, त्या दुमडून टाकल्या. चादर रुंदीला थोडी कमी झाली. एकट्याच्या पलंगाला नव्यासारखी. हे वर्षालीला दाखवायला म्हणून प्रियदर्शनीनं फोनवर काढलं. वर्षाली म्हणाली, मला एकटीला काय दाखवतेस, सगळ्यांना दाखव. मग 'माय सांगते' असं नाव देऊन ते दर आठवड्याला एक असं सुरू झालं.

मैनाबाईंना वाचता येतं, पण फोनवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून खाली बायका काय लिहितात ते सून वाचून दाखवते. "मावशी, तुरीच्या डाळीत कडुलिंबाचा पाला ओला टाकायचा की वाळवून?" "काकू, शिळ्या भाकरीचं अजून काय करता येईल?" चांदूर रेल्वेच्या एका बाईनं लिहिलं होतं, "माझी आई या जानेवारीत गेली. तुमचा आवाज ऐकते आणि भांडी घासते." हे मैनाबाईंनी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मिलमध्ये सगळं आयुष्य यंत्राच्या आवाजात गेलं. तिथं बाईला कोणी काही विचारत नसे, फक्त हाक मारून सांगत असे. आता अनोळखी बाया विचारत होत्या. त्या सकाळी वेणी घालताना सुनेला म्हणायच्या, "पाह्य ना वो, कोनी इचारलं का?"

आणि मग आला दप्तराचा व्हिडिओ. सगळ्यात जास्त बघितला गेलेला. त्यात मैनाबाई मांडी घालून बसल्यात, पदर नीट घेतलेला, आणि सांगतायत:

"माहा प्रीतम चवथीत व्हता. दप्तर फाटलं. मिलमधी ढेपीचे फाटके पोते आमाले भेटत. म्या दोन आनले, धुतले, वायवले, अन् अशी झकास पिशवी शिवली का इचारू नोका. आत दोन कप्पे, वरून झाकन, झाकनाले कोटाचं बटन, अन् आतून माह्या लुगड्याचं अस्तर. पोट्टं शायेत निंगालं अन् मांगं मांगं गाय! आता पोतं धुतलं तरी ढेपीचा वास जाते का? गाईले वाटे, चाललं आपलं जेवन! बजारात एका गोऱ्ह्यानं तं कोपराच धरला. हा इकडून ओढे, गोऱ्हा तिकडून. भूगोलाचं अर्धं पुस्तक गेलं त्याच्या पोटात!" इथं त्या पदरात तोंड घालून हसतात, फोन धरणारी सूनही हसते, चित्र हलतं. मग डोळे पुसून: "तं बायांनो, ढेपीच्या पोत्याले साधं पानी नाई चालत. कढत पान्यात धुन्याचा सोडा टाकाचा, रातभर भिजू द्याचं, तेल वर येते ते काढाचं, अन् कडक उन्हात वायवाचं. असं तीनदा कराचं. मंगच सुई लावाची."

प्रीतम अमरावतीच्या एका शाळेत नववीला गणित शिकवतो. काल, शनिवारी, तो वर्गात गेला तेव्हा फळ्यावर खडूनं गाय काढलेली होती. गाईच्या तोंडात दप्तराचा पट्टा होता. खाली लिहिलं होतं, 'भूगोल गेला. आता गणित.' चित्र चांगलं होतं, हे त्यालाही मान्य करावं लागलं. त्यानं ते पुसायला पाठ केली. मागच्या बाकावरून कोणीतरी बारीक आवाजात हंबरलं.

"तर काय झालं?" मैनाबाई आत्ता म्हणत होत्या. "पोट्टे हासले. तू बी हासाचं. मास्तर हासला का पोट्ट्याईची मजा जाते."

"गाईवर नाई हासले ते."

"मंग कोनावर?"

प्रीतमनं चौकटीवरचा हात काढला. "मागून एक जन बोलला, 'ढेप्या.' त्याले कसं मालूम? त्यानं आपल्याच डोक्यानं काढलं. पाच मिनिटांत. तसंच अकोटच्या पोट्ट्याईनंही पाच मिनिटांतच काढलं होतं."

"काय काढलं व्हतं?"

"नाव. माहं नाव. सातवीपर्यंत मले कोनी प्रीतम नाई म्हटलं, माय. मास्तर हजेरी घेत, 'प्रीतम तायडे,' अन् मी 'हजर' म्हणायच्या आधी आख्खा वर्ग म्हणे, 'ढेप्या हजर!'"

विळीवर मैनाबाईंचा हात थांबला. "तुनं मले सांगतलं नाई."

"काय सांगू? तुले त्या दप्तराचा केवढा तोरा! येईन जाईन त्याले दाखवे. सीमाबाईले दाखवलं, पावन्याईले दाखवलं."

"पन तू तं नेत व्हता."

"नाल्यापर्यंत. नाल्याजवळच्या बाभळीवर टांगायचो अन् पुस्तकं शर्टाच्या आत घालून जायचो. एकदा येताना घ्यायचं राहून गेलं, तं तू मारलं होतं. दप्तर विसरतं म्हणून."

मैनाबाईंनी हातातला दोडका ताटलीत ठेवला. मग हळू म्हणाल्या, "म्हनून बटनं तुटत."

"काय?"

"तुह्या शर्टाची बटनं. दर आठोड्याले नवीन लावो मी. मले वाटे, पोट्टं मारामाऱ्या करते."

प्रियदर्शनीला हसू यायला हवं होतं, आलं नाही. तिनं गॅस बारीक केला. "जाऊ द्या ना आता," ती नवऱ्याला म्हणाली. "आईंना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे होतं त्यातून त्यांनी केलं. दुसरं काय करणार होत्या?"

हे वाक्य तिनं भांडण मिटवायला म्हटलं होतं. प्रीतम वळून तिच्याकडे असा बघायला लागला, की तिच्या लक्षात आलं, आपण नेमकं नको तिथं बोट ठेवलं.

"सांग ना, माय," तो म्हणाला. "सांग तिले, दुसरं काय होतं ते. निळी पिशवी."

"कोणती निळी पिशवी?" प्रियदर्शनीनं विचारलं.

मैनाबाई दोडक्याकडे बघत राहिल्या.

"मीच सांगतो मंग. शाळेला सुट्टी होती, मी हिच्यासोबत मिलमध्ये गेलो होतो. मालकीण आली. तिच्या पोराले नवं दप्तर घेतलं होतं, जुनं मले आणलं. जुनं कशाचं, एक बंदही तुटला नव्हता. निळं, पाठीवर घ्यायचं, पितळी कड्या. मी पाठीवर घेतलं. वजनकाट्यापासून फाटकापर्यंत चालत गेलो अन् वापस आलो. तोपर्यंत माह्या मनानं ते माहं झालं होतं. अन् हिनं येऊन पाठीवरून काढलं, हात जोडले, अन् वापस देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन बसली."

"उतरलेलं व्हतं ते," मैनाबाई म्हणाल्या.

"चांगलं होतं!"

"चांगलंच व्हतं. म्या कुठी म्हटलं वाईट व्हतं? पन उतरलेलं व्हतं."

त्यांच्या सासऱ्यानं छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली आणि परत आल्यावर घराला सांगितलं, आजपासून कोणाचं उरलेलं खायचं नाही आणि कोणाचं उतरलेलं अंगावर घालायचं नाही. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेलंच या घराच्या अंगावर चढत आलं होतं. त्या दिवशी ते थांबलं. मैनाबाई सून म्हणून आल्या तेव्हा सासू-सासऱ्यांनी त्यांना चूल, पाणी, देणं-घेणं सगळं दाखवलं, आणि त्याबरोबर हेही. मैनाबाईंची सगळी काटकसर याच एका गोष्टीवर उभी आहे. स्वतःचं असेल ते चिंधी होईपर्यंत वापरायचं, म्हणजे दुसऱ्यापुढे हात करायची वेळ येत नाही. फाटकं पोतं त्यांना चाललं, कारण ढेप भरणाऱ्या बाईनं फाटकी पोती घरी न्यायची हा मिलचा रिवाज होता. ते त्यांच्या कामाचं होतं. निळी पिशवी दयेची होती.

हे त्या असं मांडून सांगू शकल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोतं माहं व्हतं."

"अन् व्हिडिओत हे कावून नाई सांगतलं? गाय सांगतली, गोऱ्हा सांगतला."

"ते टिपमधी बसत नोहतं."

"बरोबर. त्याच्यात हासण्यासारखं काही नोहतं." प्रीतमचा आवाज आता उतरला होता, आणि म्हणून जास्त लागत होता. "तुह्या तत्त्वाले मी नाव नाई ठेवत, माय. मीही तेच खाऊन मोठा झालो. पण तत्त्व तुहं होतं. पाठ माही होती."

चहा उतू गेला. या घरात चहा उतू जात नाही. चहाच काय, दूधही जात नाही. तिघांनीही बर्नरवर सांडलेल्या चहाकडे बघितलं आणि कोणी हललं नाही. मग प्रियदर्शनीनं गॅस बंद केला.

"काढून टाक वो," मैनाबाई म्हणाल्या.

"आई, पण..."

"काढ म्हनते ना. मी हासली त्याच्यात. पदर तोंडाले लावून हासली. कोनावर हासून राह्यली ते मले मालूम नोहतं. आता मालूम झालं, अन् तो व्हिडिओ तं तसाच हासत राह्यीन."

प्रियदर्शनीनं ओले हात गाऊनला पुसून फोन घेतला. खाली कितीतरी बायकांनी लिहिलं होतं, कोणी आपल्या खताच्या पोत्याच्या पिशवीची आठवण, कोणी नुसतीच हसरी तोंडं. फोननं विचारलं, नक्की काढून टाकायचं? तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मग सासूकडे. मैनाबाईंनी मान हलवली.

"गेला," ती म्हणाली.

"त्या चांदूरवालीनं लिहिलेलं बी गेलं का?"

"नाही. ते चादरीच्या व्हिडिओखाली आहे."

"बरं."

प्रीतमला हवं होतं ते झालं होतं. आता काय करायचं हे त्याला कळेना. तो आत आला, आईशेजारच्या पाटावर बसला, उठला, पुन्हा बसला. दोडक्याची एक शिर उचलून बोटाला गुंडाळत राहिला. उरलेला चहा तीन कपांत थोडा थोडा आला. प्रियदर्शनीनं त्याचा कप त्याच्या हातात दिला, पण कपाचा कान लगेच सोडला नाही.

"गोपाल सरांची सायकल," ती म्हणाली.

"तिचं आता काय?"

"काही नाही. आठवली."

"कोनती सायकल?" मैनाबाईंनी विचारलं.

"यांच्या शाळेतले गोपाल सर नाहीत का? त्यांची मुलगी शिकायला पुण्याला गेली. तिची सायकल घरी पडून होती. आपल्या पोरीला ट्यूशनला जायला होईल म्हणून त्यांनी दिवाळीआधी आणून दिली होती. तुम्ही तेव्हा अकोटला गेला होतात. यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः चालवत नेऊन परत दिली."

"मी नवी घेणार आहे तिले," प्रीतम म्हणाला.

"दिवाळीत घेणार होतात."

"घेईन म्हटलं ना! दुसऱ्याच्या पोरीची उतरलेली..." आणि तो थांबला.

प्रियदर्शनीला वाटलं, आता सासूबाई सोडणार नाहीत. एवढं आयतं हातात आलेलं कोणती आई सोडेल? आता म्हणतील, पाह्य, आलं का नाई माहंच तुह्या तोंडात. त्या तर साबणाचा तुकडाही वाया जाऊ देत नाहीत. पण मैनाबाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पोरगी कुठी हाय?"

"ट्यूशनला गेली," प्रियदर्शनी म्हणाली.

"पायदळ?"

"पायदळ."

मैनाबाईंनी मुलाकडे बघितलं. त्याच्या कानांशी केस पांढरे झाले होते. हे त्यांना आजच दिसलं, की आजच त्यांनी नीट बघितलं.

"सायकल तिनं पाह्यली व्हती?"

"चालवली होती," प्रियदर्शनी म्हणाली. "खाली अंगणात. दोन-चार चकरा."

"बाबू," मैनाबाई म्हणाल्या. लहानपणी हाक मारायच्या तशी हाक, भांडणातली नाही. "तुले म्या इचारलं नोहतं. इचाराव लागते हेच मले मालूम नोहतं. तुले तं मालूम व्हतं. वापस द्याच्या आधी तुनं तिले इचारलं व्हतं का?"

प्रीतम उठला. अर्ध्या चहाचा कप त्यानं ओट्यावर सरकवला. दाराशी गेला. एक चप्पल उलटी पडली होती, ती पायानंच सरळ केली, दोन्ही घातल्या, आणि जिना उतरून पोरीच्या ट्यूशनच्या रस्त्याला लागला.